टोचणीला लागलेली टोचणी

मित्रांनो, माझे नाव टोचणी. तुमच्या भाषेत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. टोचायचे हत्यार ती एक टोचणी आणि चूक केल्यावर मनाला आतल्या आत लागून राहते ती दुसरी. पहिली टोचणी म्हणजे मी स्वतः. दुसरी मला कशी लागली, ते आज सांगणार आहे. सांगताना मला काही बरे वाटणार नाही, पण न सांगता राहणे त्याहून जड जाते.

मी एक जुनी पोलादी तार आहे. लांबी वीतभर आणि जाडी म्हणाल तर तुमच्या डोक्यावरचे चार-पाच केस एकत्र धरावेत एवढी. एकेकाळी आम्ही एकोणीस बहिणी एकमेकींना पीळ घालून एका मोटरसायकलच्या क्लचच्या केबलमध्ये राहत होतो. चालवणाऱ्याने हँडलवरचा दांडा दाबला की आम्ही सगळ्या मिळून ओढायचो. तेव्हा एकटीचे कौतुक होत नसे आणि एकटीच्या हातून काही बिघडतही नसे. पुढे ती केबल तुटली. गॅरेजच्या मिस्त्रींनी ती उतरवली, कचऱ्यात टाकता टाकता थांबले, पकडीने तिच्यातून मला उपसून काढले आणि झिजलेल्या रंगाच्या ब्रशच्या लाकडी मुठीत बसवले. झाले! केबलमधली तार मेली आणि टोचणी जन्माला आली.

आमचे गॅरेज म्हणजे पत्र्याचे छप्पर, दोन लाकडी बाके, काळ्या तेलाचे पिंप आणि सतत फुसफुसणारा हवेचा पंप. मिस्त्री पन्नाशीचे. हाताचे अंगठे चमच्याएवढे रुंद, पण त्या अंगठ्यांनी ते तांदळाएवढा स्क्रू अलगद उचलत. गाडी आत आली की आधी तिच्याशीच बोलत. "काय गं, कुठं दुखतंय? मालकांना सांगू नको, मला सांग." मालक हसत आणि निम्मी काळजी तिथेच उतरत असे.

माझे काम कार्ब्युरेटरमध्ये. कार्ब्युरेटर म्हणजे गाडीचे स्वयंपाकघर समजा. तिथे पेट्रोल आणि हवा ठरलेल्या मापाने कालवली जातात आणि मग इंजिनाला वाढली जातात. पेट्रोलचे माप ठेवायला पितळेचे छोटे जेट असतात. प्रत्येक जेटच्या मधोमध एक भोक असते, सुईच्या टोकालाही अडेल असे. गाडी बरेच दिवस उभी राहिली की आतले पेट्रोल उडून जाते आणि मागे तपकिरी, चिकट थर उरतो. त्या थराने भोक बुजते. मग गाडी कितीही किका मारल्या तरी सुरू होत नाही, झालीच तर सिग्नलला मान टाकते.

अशी गाडी आली की मिस्त्री जेट काढत, मला त्या भोकात घालत, चार वेळा पुढेमागे करत आणि एकदा गोल फिरवत. मग फुंकर मारून, एक डोळा मिटून, जेट उजेडाकडे धरत. "उजेड दिसला!" असे ते म्हणाले की काम संपले. गाडी पहिल्या किकेला सुरू होई. गिऱ्हाईक म्हणे, "मिस्त्री, तुमच्या हाताला गुण आहे." मिस्त्री मला उंच धरून म्हणत, "माझ्या कसला? हिच्या!"

अकरा वर्षे मी हे ऐकत आले. फुगून गेले. एकोणीस जणींतून मलाच का निवडले, याचे उत्तर मी स्वतःलाच देऊन टाकले होते.

आता एक गोष्ट सांगते, ती आजवर कोणाला सांगितली नव्हती. जेटमधून बाहेर येताना माझ्या अंगावर बारीकशी सोनेरी चमक असायची. मिस्त्री मला पँटीला पुसत आणि ती निघून जाई. मी मनाशी म्हणायचे, मळ निघाला. पण मित्रांनो, पेट्रोलचा मळ तपकिरी असतो. सोनेरी नसतो. हे मला कळत नव्हते असे मी म्हणणार नाही. थोडे थोडे कळत होते. कौतुक चालू असताना कोण स्वतःची चौकशी लावते?

या अकरा वर्षांच्या शेवटाला आमच्याकडे एक परिचारिका येऊ लागल्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. टेकडीपलीकडच्या वस्त्यांत घरोघर जाऊन मलमपट्टी करायची, इंजेक्शने द्यायची, हे त्यांचे काम. त्यांची मोटरसायकल वडिलांची होती. वडील गेल्यावर ती आठ महिने जिन्याखाली उभी होती. मग सिस्टरांनीच ती चालवायला घेतली.

पहिल्या खेपेला जेट खरोखर बुजलेले होते. मी आत गेले, उजेड दिसला, गाडी पळाली. महिन्याभराने सिस्टर परत आल्या.

"मिस्त्री, पेट्रोल फार पिते हो ही. आणि चढावर गुदमरते."

मिस्त्रींनी स्पार्क प्लग काढला. तो काजळीने काळाकुट्ट झाला होता. "बघा. गार इंजिनाला जास्त पेट्रोल द्यायचा तो चोक, तो ओढलेलाच ठेवता तुम्ही."

"नाही हो. इंजिन गरम झालं की लगेच बंद करते."

"बंद केला असं वाटतं तुम्हाला. सगळ्यांनाच वाटतं."

मिस्त्रींनी प्लग घासला आणि काजळी म्हणजे घाण, घाण म्हणजे जेट बुजलेले, असा हिशोब मांडून मला पुन्हा आत घातले. खरा हिशोब नेमका उलटा होता. भोक बुजलेले नव्हते, मोठे झाले होते. इंजिनाला पेट्रोल जास्त वाढले जात होते, म्हणून काजळी येत होती. काजळी आली की मी आत जायची, मी आत गेले की भोक आणखी मोठे व्हायचे, भोक मोठे झाले की आणखी काजळी. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ना, ते औषध मी होते.

सहा महिन्यांत मी त्या जेटमध्ये पाच वेळा जाऊन आले.

पाचव्या खेपेनंतर आठ दिवसांनी, बुधवारी सकाळी, सिस्टर गाडी ढकलतच आल्या. हेल्मेट बाकावर ठेवले आणि उभ्या राहिल्या.

"शनिवारी एक माणूस गाडी बघायला येतोय. विकून टाकते. दवाखान्यात टेबलाचं काम मागितलंय."

"का हो?"

"टेकडीपलीकडे एक आजोबा आहेत. पायाची जखम. दिवसाआड पट्टी बदलावी लागते. दोन महिन्यांपूर्वी गाडी चढावर बंद पडली, सुरूच होईना. पोचले ती तिसऱ्या दिवशी. जखम चिघळली होती. ते दोन महिने अंथरुणात पडून राहिले." त्या हातातली किल्ली फिरवत राहिल्या. "चोक राहिला असेल माझ्याकडून. माझं लक्ष नसेल. काल परत तिथंच बंद पडली. माझ्या हाताला ही गाडी येत नाही, एवढं खरं."

मिस्त्री म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. जुन्या गाड्या सरावलेल्या हातालाच ऐकतात."

त्यांनी ते समजुतीच्या सुरात म्हटले होते. पण सिस्टरांची मान आणखी खाली गेली आणि मी तिथेच, बाकावर, त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर पडून होते. ओरडून सांगावेसे वाटले. पण तारेला कुठला आवाज? आणि आवाज असता तरी त्या दिवशी मी बोलले असते का, याची मला आजही खात्री नाही.

"फक्त एकदा नीट करून द्या," सिस्टर म्हणाल्या. "बाबांची गाडी आहे. जाताना तरी चांगली चालत जाऊ दे."

त्या गेल्यावर मिस्त्रींनी कार्ब्युरेटर उतरवला आणि सवयीने माझ्याकडे हात केला. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "तिला ठेव. हा कार्ब्युरेटर मला दे."

त्या ताई. मिस्त्रींची थोरली बहीण. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे काम करून निवृत्त झाल्या आणि आदल्याच महिन्यात भावाकडे राहायला आल्या होत्या. बोलणे मोजके, आवाज हळू. गॅरेजमधल्या थिनरच्या वासाने त्यांचे डोके दुखे, म्हणून त्यांनी आधी बंद असलेली खिडकी खिळे उपटून उघडली आणि मग कार्ब्युरेटर नक्की कशाने धुवावा, याचा शोध मांडला. मुरांब्याच्या रिकाम्या बरण्या धुऊन एका फळीवर ओळीने लावल्या. प्रत्येकीत मळलेल्या पितळेचा एक तुकडा, एक रबरी कडी आणि वेगवेगळे द्रावण. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. हातात मोजे, आणि फळीच्या आसपास काडी पेटवायला सक्त मनाई.

मिस्त्री थट्टा करत. "ताई, हा कार्ब्युरेटर आहे, परीक्षेला बसलेला विद्यार्थी नव्हे."

"तूही परीक्षेला बसायचास. निकाल आठवतोय ना?" ताई मान वर न करता म्हणत.

रॉकेलने वरचे वंगण सुटले, पण तपकिरी थर ढिम्म हलला नाही. थिनरने थर गेला, पण रबरी कडी फुगून दीडपट झाली आणि पुन्हा खाचेत बसेना. लिंबाच्या सत्त्वाचे गरम पाणी पांढऱ्या बुरशीसारख्या डागांवर चालले, पण तुकडा जरा जास्त वेळ राहिला तर त्याचा रंगच उडाला. शेवटी, त्याच आठवड्यात, कार्ब्युरेटरसाठी मिळणारा फवारा चांगला ठरला. रबराचे सगळे भाग आधी काढून ठेवायचे, फवारा मारून धातूचे भाग झाकणाच्या डब्यात मुरू द्यायचे, पुन्हा फवारायचे आणि मग हवेच्या पंपाने फुंकायचे. त्यात टोचण्याचे काम कुठेच नव्हते. मला ताईंचा राग आला होता, हेही कबूल करते.

"म्हणजे सिस्टरांच्या गाडीचं भिजत घोंगडं ठेवू?" मिस्त्रींनी विचारले.

"ठेव. घोंगडं भिजलं तरच धुतलं जातं."

दुपारपर्यंत जेट मुरले. ताईंनी फुंकले, पुसले आणि उजेडाकडे धरले. मग पाकिटातून त्याच नंबरचे एक कोरे जेट काढून तेही धरले. पुन्हा पहिले. पुन्हा दुसरे.

"उजेड दिसतो ना?" मिस्त्री म्हणाले.

"दिसतो. जरा जास्तच दिसतो."

"जास्त म्हणजे?"

"उजेड दिसला म्हणजे भोक मोकळं आहे एवढंच कळतं. भोक केवढं आहे ते उजेड सांगत नाही."

त्यांनी इंजेक्शनची रिकामी नळी उभी बांधली, तिच्या तोंडाला रबरी नळीच्या तुकड्याने कोरे जेट जोडले आणि आत दहा मिलिलिटर रॉकेल ओतले. घड्याळ समोर ठेवले. थेंब थेंब करत सगळे उतरायला एकशे छत्तीस सेकंद लागले. मग सिस्टरांच्या गाडीचे जेट जोडले. अठ्ठ्याण्णव सेकंद.

"नळी गळत असेल," मिस्त्री म्हणाले. "परत कर."

ताईंनी परत केले. सत्त्याण्णव. तिसऱ्यांदा अठ्ठ्याण्णव.

मग त्यांनी मला उचलले. एका निकामी जेटमध्ये घातले, चार वेळा पुढेमागे केले, एकदा गोल फिरवले, अगदी मिस्त्रींसारखे, आणि पांढऱ्या कागदावर झटकले. कागदावर सोनेरी धूळ पडली. भिंगातून पाहिली तर कण दिसत होते, कोवळ्या उन्हातल्या परागांसारखे.

अकरा वर्षे पँटीला पुसले गेलेले माझे गुपित त्या कागदावर उघडे पडले होते.

"पोलाद कठीण, पितळ मऊ," ताई म्हणाल्या. "तू मळ काढत होतास. ही पितळ काढत होती."

मिस्त्री बाकावर बसले. त्यांचे ते रुंद अंगठे एकमेकांवर फिरत राहिले. मग म्हणाले, "नवं जेट घालतो. गाडी पहिल्यासारखी होईल."

"होईल."

"मग झालं की. शनिवारी चालती गाडी जाईल. सांगायची काय गरज? नाव जाईल माझं उगाच."

ताईंनी हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. "गाडीतला दोष नव्या जेटने जाईल. तिला वाटतंय दोष तिच्या हातात आहे. त्याला कुठलं जेट मिळतं, ते मला सांग."

मिस्त्रींनी नवे जेट बसवले, हवेचा स्क्रू जुळवला, गाडी सुरू केली. ती इतकी शांत चालली की त्यांनी लगेच बंद केली. जणू तो आवाज त्यांना ऐकवेना. मग मला कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि गाडी घेऊन सिस्टरांच्या घरी निघाले.

सिस्टरांची खोली लहान होती. दोरीवर पांढरा गणवेश वाळत होता, टेबलावर पट्ट्यांची गुंडाळी अर्धी कापून ठेवली होती. मिस्त्री उंबऱ्यातच उभे राहिले.

"आत या ना. गाडी झाली?"

"झाली. सिस्टर, तुमचा चोक कधीच ओढलेला राहिला नव्हता." त्यांनी मला बाहेर काढले. "ही बघा. हिनं... नाही, मीच. मी दर वेळी जेट मोठं करत गेलो आणि दर वेळी नाव तुमचं घेत गेलो."

मग त्यांनी रॉकेलचे, सेकंदांचे, सोनेरी धुळीचे सगळे सांगितले. सिस्टरांनी मला हातात घेतले. त्यांच्या बोटांना सुयांची सवय होती. त्यांनी माझे टोक बघितले, जरा वेळ बघत राहिल्या.

"आम्ही एक सुई एकदाच वापरतो," त्या म्हणाल्या. मग आवाज बदलला. "मिस्त्री, मी त्या आजोबांपुढे हात जोडून आले. माझ्या हलगर्जीपणाने झालं म्हणाले. लिहून दिलंय मी दवाखान्यात तसं."

मिस्त्रींनी मला परत घेतले आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवले.

"मला तिकडे घेऊन चला," ते म्हणाले. "आणि दवाखान्यातही."

दुसऱ्या दिवशी दोघे टेकडी ओलांडून गेले. मी खिशातच होते. गाडी कुठेही गुदमरली नाही. आजोबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. मिस्त्रींनी सगळे सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा लावून मला न्याहाळले.

"एवढीशी? हिनं दोन महिने मला खाटेला बांधून ठेवलं? आमच्या हिला पन्नास वर्षांत जमलं नाही ते!"

आतून आजी म्हणाल्या, "जमलं असतं, मी प्रयत्नच केला नाही."

सगळे हसले. मिस्त्रीही हसायला लागले, तेवढ्यात आजोबांनी चष्मा काढला.

"जखम भरून आलीय. त्याचं मी मनात ठेवत नाही. पण ही पोरगी दर खेपेला मान खाली घालून पट्टी बदलायची. मी म्हणायचो, बाळ, चुकतं माणसाचं, आणि ती आणखीच मान घालायची. चूक नसलेल्या माणसाची मी समजूत घालत होतो. ते दिवस कसे परत देशील?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. त्या वेळी मला कळले की काही गोष्टी धुऊन निघत नाहीत, कुठल्याही बरणीतल्या द्रावणाने. ज्याने त्या केल्या त्याने त्या जवळ बाळगायच्या असतात.

त्याच दुपारी मिस्त्री दवाखान्यात गेले आणि सिस्टरांच्या कागदाखाली स्वतःचा कागद जोडून आले. शनिवारी गाडी बघायला माणूस आला, तेव्हा गाडी घरी नव्हती. सिस्टर तिच्यावर बसून कामावर गेल्या होत्या.

सोमवारी गॅरेजच्या दारावर एक पाटी लागली. अक्षर ताईंचे, मजकूर मिस्त्रींचा. "मी आजवर तारेने साफ केलेल्या जेटचे भोक मोठे झालेले असू शकते. गाडी जास्त पेट्रोल पीत असेल तर दोष तुमचा नाही, माझा आहे. आणून दाखवा, बदलून देईन." काही जण आले. एकाने भर रस्त्यात मिस्त्रींना अद्वातद्वा बोलून घेतले. मिस्त्रींनी ऐकून घेतले. एक काका म्हणाले, "आणि मी मुलाशी दोन वर्षं भांडतोय, की तू गाडी दामटतोस म्हणून!" ते गाडी तशीच ठेवून घरी पळाले, मुलाला फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती म्हणे.

आता जेट मुरवून आणि फुंकूनच साफ होतात. अगदीच अडले तर ताई नायलॉनचा एक केस वापरतात, कारण तो पितळेपेक्षा मऊ आहे. मी त्या पांढऱ्या कागदावर, एका बरणीत आहे. कोणी "जरा तार घालून द्या" म्हणाले की मिस्त्री ती बरणी पुढे करतात. मी तार होते मित्रांनो, तारतम्य तेवढे माझ्यात नव्हते.

म्हणून तुम्हाला एक विनवणी करते. बुजलेले काही मोकळे करायला जाल, तेव्हा आधी विचारा की ज्यात हात घालतो आहे ते माझ्यापेक्षा मऊ तर नाही ना. घाई असली तरी भिजू द्या, मुरू द्या. हातात आलेली चमक कुठून आली, ते पुसण्याआधी बघा. आणि चूक कळली तर गुपचूप दुरुस्ती करून मोकळे होऊ नका. तुमच्या चुकीचा दोष कोण उगाच डोक्यावर घेऊन फिरते आहे, ते शोधा आणि त्याच्या दारात जाऊन सांगा.

अकरा वर्षांत मी किती जेटांतून गेले, याची मोजदाद मी कधी ठेवली नाही. पाटी वाचून आले ते मोजकेच. बाकीचे कुठे असतील? कुठल्या चढावर कोण किका मारून दमला असेल आणि स्वतःच्या पायाला, हाताला, नशिबाला बोल लावत असेल? तुमच्या गल्लीत असा कोणी भेटला, तर माझे एवढे काम करा. त्याला सांगा, "अहो, तुमचं काही चुकलेलं नाही."